कापसाच्या रानातला गवई



बोंडाची वाळलेली टोकं बोटांना कशी टोचतात, हे कापूस वेचणाऱ्या माणसाला मी काय सांगावं? आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याची बोटं वयाच्या सहाव्या वर्षापासून अशीच टोचून निघाली होती. त्याच बोटांनी पुढे त्याने गिटार वाजवली आणि साऱ्या जगाला नाचवलं. त्याचं नाव कार्ल पर्किन्स.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीकडच्या टिप्टनव्हिल गावाजवळ ९ एप्रिल १९३२ रोजी तो जन्मला. घरची जमीन नव्हती. आईबाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवीत. राबायचं यांनी. कापूस आला की मालकाचा वाटा आधी निघायचा, मग हंगामभर उधारीवर आणलेल्या सामानाचे पैसे कापले जायचे. उरेल ते घरी. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

त्या रानात काळे मजूरही असत. वेचता वेचता ते देवाची गाणी म्हणत. एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी झेलायची, आपल्या भजनासारखं. शनिवारी रात्री बापाच्या रेडिओवर नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम लागे. त्यात गोऱ्या खेडुतांची ‘कंट्री’ गाणी असत. पोराच्या कानात दिवसा एक गाणं, रात्री दुसरं. दोन्ही एकत्र मुरली आणि त्यातून जे धावतं, नाचरं गाणं निघालं, त्याला ‘रॉकबिली’ म्हणतात. ‘हिलबिली’ म्हणजे डोंगराकडचा अडाणी खेडूत. शहरवाल्यांनी हिणवून ठेवलेलं ते नाव या गाण्यात कायमचं राहिलं.

गिटार घ्यायला पैसे कुठले? बापाने चिरुटाच्या रिकाम्या खोक्याला झाडूचा दांडा जोडून एक करून दिली. पुढे एक पोचे आलेली जुनी गिटार स्वस्तात मिळाली. ती कशी वाजवायची, हे दाखवलं जॉन वेस्टब्रुक नावाच्या म्हाताऱ्या काळ्या शेतमजुराने. कार्ल त्याला जॉनकाका म्हणे. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या, असा तो काळ. पण कार्लचा पहिला गुरू हा काळा मजूरच.

तार तुटली तर नवी आणायला पैसे नसत. मग तुटक्या तारेला गाठ मारून तीच पुन्हा चढवायची. पण तारेवरून बोट सरकवलं की गाठ बोट कापायची. म्हणून कार्ल बोट जागीच ठेवून तार बाजूला ओढू लागला. ताणली की स्वर चढतो. आपले सतारिये तार ओढून मींड काढतात, तसंच हे. पुढे लोक ज्या वाजवण्याला त्याची खास ढब म्हणू लागले, ती गरिबीने अशी शिकवली होती.

मोठेपणी तो जॅक्सन गावात बेकरीत कामाला होता. रात्री जे आणि क्लेटन या भावांबरोबर दारूच्या गुत्त्यांत गायचा. १९५३ साली वाल्डाशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी रेडिओवर एल्विस प्रेस्ली नावाच्या नव्या पोराचं गाणं लागलं, तेव्हा वाल्डाच म्हणाली, हे तर तुमच्यासारखंच वाजवतात! कार्लने मेम्फिस शहर गाठलं आणि सॅम फिलिप्सच्या सन कंपनीचं दार ठोठावलं.

एकदा नाचाच्या ठिकाणी एक पोरगा आपल्या जोडीदारणीला दटावत होता, माझ्या नव्या बुटांवर पाय देऊ नकोस म्हणून. कार्लला ते विसरता येईना. एका रात्री तो उठला. घरात कोरा कागद नव्हता, म्हणून बटाट्याच्या कागदी पिशवीवर त्याने गाणं लिहिलं. ‘ब्लू स्वेड शूज’, म्हणजे निळे मऊ कातडी बूट. १ जानेवारी १९५६ रोजी तबकडी बाजारात आली आणि बघता बघता दहा लाखांच्या वर खपली. खेड्यातल्यांनी घेतली, काळ्यांनी घेतली, शहरातल्यांनीही घेतली.

न्यूयॉर्कहून टेलिव्हिजनचं बोलावणं आलं. साऱ्या देशासमोर गायचं होतं. मोटारीने निघाले. २२ मार्चच्या पहाटे डेलावेअर राज्यात डोव्हर गावाजवळ त्यांची मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. ट्रक चालवणारा शेतकरी गेला. जेची मान मोडली. कार्ल खळग्यातल्या पाण्यात पालथा पडला होता. ढोल वाजवणाऱ्या हॉलंडने त्याला उलटा केला म्हणून तो बुडायचा वाचला. पण मानेची हाडं आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

पीक मळणीला यावं आणि त्याच रात्री गारा पडाव्यात, तसं झालं. ३ एप्रिलला एल्विस टेलिव्हिजनवर कार्लचंच गाणं गायला, आणि दुखण्यातून उठू पाहणारा कार्ल ते बघत होता. एल्विस पुढे गेला तो गेलाच. कार्लने मात्र त्याचा कधी दुस्वास केला नाही.

१९५८ साली जे मेंदूतल्या गाठीने वारला. कार्ल दारूत बुडाला. मंडळी, दारू दुःख विसरायला घेतात. दुःख जागच्या जागी राहतं, घर तेवढं उठतं. दहा वर्षं अशी गेली. त्याच दिवसांत, १९६४ साली, तो इंग्लंडला गेला, तर ज्या बीटल्स पोरांनी जग वेडं केलं होतं ती त्याची गाणी पाठ करून बसलेली! त्यांनी त्याची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. आपण हरलो असं समजणाऱ्या माणसाचं बी परक्या रानात उगवलं होतं.

१९६८ साली पॅसिफिक समुद्राच्या काठी त्याने शेवटची बाटली पाण्यात भिरकावली. सोबतीला जॉनी कॅश हा मित्र होता. तोही कापूस वेचणाऱ्याचाच पोरगा, आणि गोळ्यांच्या व्यसनात रुतलेला. दोघांनी एकमेकांना हात दिला. त्याच सुमारास कार्लने कॅशसाठी लिहिलेलं घरच्या माणसांवरचं एक गाणं फार गाजलं.

म्हातारपणाकडे झुकताना, छळाने मेलेल्या एका लेकराची बातमी त्याने वाचली आणि तो हादरला. मग पैसे जमवून जॅक्सनमध्ये छळ होणाऱ्या मुलांसाठी त्याने केंद्र उभं करवलं. ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. १९ जानेवारी १९९८ रोजी, पासष्टाव्या वर्षी, तो जॅक्सनमध्येच वारला. वाल्डा शेवटपर्यंत सोबत होती.

तुमच्याही घरात कुणाचं हातातोंडाशी आलेलं गेलं असेल. त्याला एवढंच सांगा, की गाठ मारलेली तारही वाजते.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू.