जपानला जाताय? ही तीन संग्रहालयं चुकवू नका

मुलगा-सून तिकडे नोकरीला म्हणून, किंवा सहलीबरोबर, आपल्यापैकी पुष्कळजणी हल्ली जपानला जाऊन येतात. पण कार्यक्रम ठरायच्या वेळी आपण "तुम्ही ठरवाल ते" म्हणून मोकळ्या होतो! मग देवळं, फुजी पर्वत आणि दुकानं यांतच आठ दिवस संपतात. मैत्रिणींनो, या वेळी तीन संग्रहालयांसाठी जरा आग्रह धरा. इथे राजेरजवाड्यांचं वैभव नाही, साध्या घरांतल्या वस्तू आहेत. त्या बघायला आपल्याइतकी जाणकार नजर कोणाची?

पहिलं टोकियोचं निहोन मिंगेइकान, म्हणजे लोककलांचं संग्रहालय. यानागी सोएत्सु यांनी ते १९३६ साली उघडलं. रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांच्या हातच्या वस्तूंत खरं सौंदर्य असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून इथे वाडगे, टोपल्या, कापडं, लाकडी सामान मांडलेलं असतं. शेजारी माहितीच्या लांबलचक पाट्या नाहीत. आधी डोळे भरून बघायचं. संग्रहात 'कोगिन' भरतकामही आहे. उत्तरेकडच्या त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची बंदी होती आणि थंडी तर कडाक्याची. मग तिथल्या बायकांनी जाड्याभरड्या कापडावर पांढऱ्या सुताचे दाट टाके घालून ते उबदार नि टिकाऊ केलं. गरजेतून केवढी सुंदर नक्षी उभी राहिली! आपल्या गोधडीचे टाके आठवतातच. शिबुयाहून इनोकाशिरा मार्गाच्या लोकलने दुसरं स्टेशन, कोमाबा-तोदाइमाए. तिथून थोडं चालायचं.

दुसरं कोगानेइ बागेतलं उघड्यावरचं संग्रहालय. जुनी घरं, दुकानं, एक सार्वजनिक स्नानगृहसुद्धा मूळ जागेवरून हलवून इथे पुन्हा उभारलं आहे. १९९३ साली ते सुरू झालं. शेतकऱ्याच्या घरात जमिनीतल्या चौकोनी खळग्यात चूल आणि वरून आकड्याला टांगलेलं भांडं दिसेल. स्वयंपाकघर बघितलं की त्या घरच्या बाईचा दिवस कसा जात असेल, ते सांगावं लागत नाही. चुओ मार्गाने मुसाशी-कोगानेइला उतरून बस मिळते.

तिसरं हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय. टोकियोहून वेगवान गाडीने चारेक तास लागतात, म्हणून कार्यक्रमातून पहिली काट यालाच बसते. ती बसू देऊ नका. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. हा आकडा डोक्यात मावत नाही. पण इथे एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा जपून ठेवला आहे. जव नि सोयाबीन घातलेला भात, परतलेले बटाटे. सगळ्याचा कोळसा झालेला. तीन दिवसांनी आईला मुलगा सापडला, तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता. न खाल्लेला डबा. रोज सकाळी डबे भरणाऱ्या आपल्याला आणखी काही समजावून सांगायला नको.

मुलं लहान असतील तर मात्र त्यांना आत नेण्यापूर्वी विचार करा. नेलंत तर नंतर त्यांच्याशी बोलायला वेळ ठेवा. लगेच खरेदीला पळू नका.

आता थोड्या सूचना:

• टोकियोची ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद. हिरोशिमाचं मात्र वर्षातले मोजके दिवस सोडले तर रोज उघडं, म्हणून सोमवार हिरोशिमाला द्या.

• मिंगेइकान प्रदर्शन बदलताना काही दिवस बंद असतं. तारखा आधी बघून घ्या.

• बंद व्हायच्या अर्धा तास आधीच प्रवेश थांबतो. दुपारी चारनंतर पोचण्यात अर्थ नाही.

• जुन्या घरांत पुन्हा पुन्हा चपला काढाव्या लागतात. बिनबंदांचे बूट घाला, आणि हो, मोजे फाटके नकोत!

• नाणी जवळ ठेवा, सामानाच्या कपाटांना लागतात. पुष्कळ ठिकाणी किल्ली परत लावली की नाणं परत मिळतं. ते घ्यायला विसरू नका.