दुबार नोंदींचा ठपका कुणावर?

यादीत दुबार नावं सापडली की पहिला ठपका येतो तो डेटा एंट्री करणाऱ्यावर. लक्ष नव्हतं, घाई केली, असं म्हणून विषय मिटवतात. मला हे मुळीच पटत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर १९९२ साली आलं आणि छोट्या संस्थांमध्ये अजून टिकून आहे. तिथल्या कितीतरी दुबार नोंदींचं मूळ माणसात नसतं, फॉर्मवर राहून गेलेल्या फिल्टरमध्ये असतं.

एखाद्या वाचनालयाचं बघा. सकाळी कुणीतरी सभासदांच्या फॉर्मवर 'बालविभाग' असा फिल्टर लावला आणि फॉर्म तसाच उघडा ठेवला. दुपारी काउंटरवरच्या ताई त्याच फॉर्मवर एका प्रौढ सभासदाची नोंद करतात. फॉर्म ती बिनतक्रार घेतो, कारण काय दिसावं एवढंच फिल्टर ठरवतो. काय भरता यावं, ते नाही. नोंद टेबलात जाते. पण फॉर्मने टेबल पुन्हा वाचलं, की ती पडद्यावरून नाहीशी होते.

ताईंना वाटतं, सेव्हच झाली नाही. त्या पुन्हा टाइप करतात. सभासद क्रमांकावर दुबार चालणार नाही असं बंधन असेल तर ॲक्सेस अडवतं: हा क्रमांक आधीच आहे. मग त्या शोधायला जातात. शोधही फिल्टरमधून दिसणाऱ्या नोंदींतच होतो, म्हणजे क्रमांक सापडत नाही. समोर रांग उभी. शेवटी क्रमांकापुढे 'अ' लावून नोंद सेव्ह होते. यात त्यांचं काय चुकलं? पडद्याच्या तळाशी, नोंदींच्या आकड्याशेजारी, बारीक अक्षरात 'फिल्टर्ड' लिहिलेलं असतं. सूचना म्हणून एवढंच.

'बालविभाग' गाळून घेतला म्हणजे नव्या नोंदीत विभाग आपोआप भरला जाईल, असंही अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. मुख्य फॉर्मला जोडलेल्या सबफॉर्ममध्ये जोडणीचा रकाना आपोआप भरतो, त्यामुळे ही समजूत होत असावी. आणि फिल्टरमध्ये एकही नोंद बसत नसेल, शिवाय नवी नोंद करायलाही मनाई असेल, तर फॉर्ममधले रकानेसुद्धा दिसत नाहीत. नुसता कोरा पडदा!

म्हणून माझा आग्रह आहे की शोधायचा फॉर्म वेगळा आणि भरायचा वेगळा हवा. भरायच्या फॉर्ममध्ये 'डेटा एंट्री' हा गुणधर्म 'येस' आणि 'अलाउ फिल्टर्स' 'नो' ठेवावा. शोधायच्या फॉर्मवर फिल्टर लागला की वरच्या बाजूला ठळक लाल पट्टी दिसावी. फॉर्म बनवणाऱ्याचं हे काम आहे आणि ते फार मोठं नाही.

आधी झालेल्या दुबार नोंदी ॲक्सेसमधल्या 'फाइंड डुप्लिकेट्स' क्वेरीने मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख लावून शोधता येतात. मात्र सापडलेली जादा नोंद लगेच उडवू नका. घरी नेलेलं पुस्तक त्या 'अ'वाल्या क्रमांकावर लिहिलेलं असू शकतं. आधी ती देवघेव मूळ क्रमांकावर वळवून घ्या.