चांगला कोंबडा पाड्यावरच राहू द्या

होळीला घरी आलेली माणसं पुन्हा वीटभट्टीवर गेली. कणगीचा तळ दिसू लागला. आता पाऊस पडेपर्यंत घरात चार पैसे येण्याची वाट म्हणजे अंगणातली कोंबडी. मीठ-मिरची, पोराचं औषध, तारखेला तालुक्याला जायचं गाडीभाडं, आवणीआधीचं बियाणं, सगळं तिच्यावर भागतं. म्हणून या वेळी आम्ही जमिनीच्या बातम्यांच्या आधी कोंबड्यांबद्दल लिहीत आहोत. कोणाला हसू येईल. येऊ दे. शेवटपर्यंत वाचा, नाहीतर वाचून घ्या, म्हणजे जमिनीशी त्याचा काय संबंध ते कळेल.

आधी एक प्रश्न. पाड्यावरचा सगळ्यांत भारी कोंबडा जातो कुठे? जंगलाचा गार्ड आला की त्याची नजर त्याच्यावर. साहेबाचा मुक्काम पडला की तोच. सावकार व्याजाच्या बदल्यात तोच उचलतो. बाजारात व्यापारीही हात घालतो तो त्याच्यावरच. मागे उरतो किरटा, ज्याला कोणी मागितलं नाही. मग पुढच्या सगळ्या पिलांचा बाप तो किरटा. भाताचं बी आपण निवडतो, वेगळं बांधतो, उपास पडला तरी त्याला हात लावत नाही. चांगलं बी विकून पोचट पेरणाऱ्याला आपण वेडा म्हणू. कोंबड्याच्या बाबतीत मात्र सगळा पाडा दर वर्षी तेच करतो.

तेव्हा पहिली गोष्ट: बियाण्याचा कोंबडा ठरवा. अंगाने भरलेला, पायाने मजबूत, घार दिसली की ओरडणारा. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागतच नाही, तो लागतो पिलांसाठी. जास्त नर ठेवले तर ते आपसात मारामाऱ्या करतात, कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात आणि दाणे फुकट जातात. जादा नर पाच-सहा महिन्यांचे झाले की ऊन तापण्याआधीच विका. मात्र एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवू नका, बाप आणि लेकी एकत्र झाल्या की पिलं कमजोर निघतात. दोन वर्षांनी शेजारच्या पाड्याशी अदलाबदल करा. आलेला नवा कोंबडा पंधरा दिवस डालग्याखाली वेगळा ठेवा. रोग असेल तर तेवढ्यात दिसून येतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, तेवढ्याने जमेल तितकं अंग थंड करते. ऊन फार चढलं की भारी कोंबडा आधी मरतो. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, झाडाच्या सावलीत ठेवा, आणि दुपारी एकदा बदला. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. विहीर आटली, हंडा लांबून आणावा लागतो, हे आम्हाला माहीत आहे. भांडी धुतलेलं वरचं पाणी चालेल, पण साबणाचं नको. दाणे पहाटे आणि सांजेला टाका. दुपारी पोट भरलं की अंगातली उष्णता वाढते. खुराडं कुडाचं, वर पेंढा, वारा आरपार जाईल असं. पत्र्याखाली रात्रभर दाटीने कोंडलेल्या कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडतात. मात्र फटी इतक्याच ठेवा की मुंगूस शिरणार नाही.

ऐन उन्हात कोंबड्याचं बीज कमजोर होतं. शिवाय तापलेल्या घरात ठेवलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि कोंबडी बसायच्या आधीच मरतो. मग 21 दिवस बसून खुडूक कोंबडी सुकते आणि अंडी निघतात नासकी. बसवायची अंडी ओल्या वाळूवरच्या गाडग्यात, काळोख्या कोपऱ्यात ठेवा आणि पाच-सहा दिवसांच्या आत बसवा. वैशाखात बसवणं टाळता आलं तर उत्तम.

तिसरी गोष्ट मानमोडीची. हिरवी-पांढरी हगवण, मान वाकडी, पाय लुळे, आणि आठ दिवसांत पाडा रिकामा. याला दवाखान्यात राणीखेत म्हणतात. रोग झाल्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिलू आठवड्याचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब, त्या लसीचं नाव लासोटा. दोन महिन्यांचं झालं की पंखाखाली सुई, ती आर-टू-बी. लस बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एका बाटलीत शंभर कोंबड्यांची लस असते. एकटी बाई आपल्या सहा कोंबड्या घेऊन दवाखान्यात गेली तर तिला परत पाठवतात. अख्खा पाडा एका दिवशी जमला तर बाटली फुकट जात नाही आणि नाही म्हणायला जागा उरत नाही. दिवस ठरवा, अर्ज द्या, त्यावर पोचेची सही घ्या. लस सांजेला कोंबड्या खुराड्यात आल्यावर टोचा. आजारी कोंबडीला टोचू नका. मेलेली ओढ्यात टाकू नका, खोल पुरा.

आता जमिनीची गोष्ट. एकसाली प्लॉट नावावर करायचे तर आधीपासून कसत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांच्याकडे दंडाची जुनी पावती आहे, ते ती टेबलावर ठेवतात. ज्यांच्याकडून दंडाऐवजी दर वर्षी कोंबडा नेला, त्यांनी काय ठेवायचं? कोंबड्याचं हाड? दंड भरणारा आणि कोंबडा देणारा, दोघांनीही तीच जमीन कसली, तोच घाम गाळला. एकाच्या हातात कागद आहे, दुसऱ्याच्या हातात काही नाही. गार्डला दिलेला कोंबडा स्वस्त वाटतो. त्याच्याइतका महाग कोंबडा दुसरा नाही. त्याच्यापायी बियाणं गेलं आणि पुरावाही गेला.

आणखी एक. कोंबड्या पाळते बाई. पाणी ती आणते, पिलं ती सांभाळते. साहेब आला की कोंबडा काढून देतो मात्र बापा, आणि तिला विचारत नाही. संघटनेच्या सभेत हक्काचं बोलायचं आणि घरात तिचा हक्क असा द्यायचा, हे बरं नव्हे.

येत्या सभेत प्रत्येक पाड्याने तीन ठराव करावेत, असं आम्हाला वाटतं. बियाण्याच्या कोंबड्याच्या पायात लाल दोरा बांधायचा, तो विकायचा नाही आणि कोणाला द्यायचाही नाही. लसीचा एक दिवस सगळ्या पाड्याने मिळून पाळायचा. आणि जंगलाच्या कोणाही माणसाला कोंबडा, अंडं, दारू काही द्यायचं नाही. दंड लावतो म्हणाला तर एकट्याने वाद घालू नका, चार जणांना बोलवा, आणि पैसे भरलेच तर पावती मागा. पावती देत नसेल तर पैसेही नाहीत. पाहुणा म्हणून आला तर पाणी द्या. कोंबडा हवा असेल तर बाजारभाव द्यावा, आणि तोही घरातल्या बाईच्या हातात.