प्रतिकारशक्ती शिध्यातून येते

ऊसतोड सुरू झाली की बावड्याच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडची माणसं गळीत संपेपर्यंत त्यांत संसार मांडतात. आरोग्य सेवक म्हणून माझी नोकरी याच भागात झाली. बेडक्याचे नमुने गोळा करायचे, क्षयाच्या गोळ्या समोर उभं राहून घ्यायला लावायच्या, पाण्याच्या टाकीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर पडली का ते पाहायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात, पण हल्ली प्रश्न बदललाय. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तरणी पोरं म्हणतात, "अण्णा, जंतूबिंतू काही नसतं. शरीर आतून दणकट असलं की आजार होतच नाही. उगाच गोळ्या कशाला?"

त्यांना माझं उत्तर सरळ आहे. जंतू असतो. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. मी स्वतः तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. निळ्या काचपट्टीवर बारीक लाल काड्या दिसतात. ज्यांच्या बेडक्यात त्या दिसल्या आणि ज्यांनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला, ती माणसं पुन्हा उसात उतरलेली मी पाहिली. ज्यांनी काढ्यावर भरवसा ठेवून गोळ्या मध्येच सोडल्या, त्यांतल्या काहींच्या मयतीलाही गेलो.

पण पोरांच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारू नये. क्षयाचा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. मग आजारी कोण पडतं? ज्याच्या पोटाला पुरेसं मिळत नाही, ज्याला मधुमेह आहे, जो दारू-तंबाखूत अडकलाय, जो कोंदट जागेत दाटीवाटीने राहतो, तो.

हा वाद जुनाच आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांना कॉलऱ्याला एकटा जंतू पुरेसा कारण वाटत नव्हता. 1892 साली, वयाच्या 73व्या वर्षी, ते कॉलऱ्याचे जंतू असलेलं पाणी प्यायले. थोडे जुलाब झाले आणि वाचले. आजही ही गोष्ट जंतू खोटा असल्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. पण त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं मेली. ते शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारच्या आल्टोनामध्ये तेच पाणी वाळूतून गाळून दिलं जाई, आणि तिथं साथ फारशी शिरली नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच होती, फरक पाण्यात होता.

दणकट शरीराचं नुसतं कौतुकही पुरत नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. या आजारात जंतूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. तिथं प्रतिकारशक्ती वाढवणारी कुठली बाटली उपयोगी पडणार होती? शुद्ध पाणी हाच त्यावरचा उपाय.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. "शरीर दणकट ठेवा" म्हणणारे आजाराचा दोष हळूच आजाऱ्यावर टाकतात. त्यांनी एकदा कोपीत येऊन बसावं. तिथली बाई पहाटे चारला अंधारात उठते, भाकऱ्या थापते, कोयता घेऊन फडात जाते. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर आधी लेकरं जेवतात, मग नवरा, शेवटी ती. टोपल्यात उरलेली भाकरी आणि चटणी तिच्या वाट्याला येते. तिला क्षयाच्या गोळ्या दिल्या की ती सांगते, "औषध गरम पडतंय." तिला अडाणी ठरवून पुढं जाणारे पुष्कळ. मी आधी टोपल्यात डोकावायचो. खपाटीला गेलेल्या पोटाला मूठभर गोळ्या सोसवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

पोटभर अन्नाने काय होतं, हे आपल्याच देशात सिद्ध झालंय. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या 'राशन्स' अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं, संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाचं 48 टक्क्यांनी. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, हे चांगलंच झालं. पण फडात राबणाऱ्या कुटुंबाच्या ताटात रोज डाळ, तेल, अंडं पडेल, याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून नीरा-भीमा, कर्मयोगी, छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांना आणि ऊसतोड कामगार महामंडळाला माझं सांगणं आहे. टोळी उतरली की प्रत्येकाचं वजन आणि खोकणाऱ्याचा बेडका तपासा. क्षय निघालेल्या कुटुंबाला हंगामभर शिधा द्या. तळावर टीसीएल टाकलेलं पाणी पोचवा.

वाचक मंडळींत कारखान्याचे सभासद पुष्कळ असतील. वार्षिक सभेत आपण उसाच्या दरावर तासन्‌तास भांडतो. यंदा त्याच सभेत तोडणी मजुरांच्या तपासणीचा आणि शिध्याचा ठराव मांडा. आणि घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर काढा करत बसू नका, सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे.