भरलेली वही आणि झालेला अभ्यास

शालेय विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयी महाराष्ट्रात दोन मते परस्परांविरुद्ध उभी आहेत आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात ती कित्येकदा एकाच शाळेच्या पालकसभेत ऐकू येतात. पहिले मत असे की, गृहपाठ जितका अधिक तितका अभ्यास पक्का, म्हणून धड्याखालचे सगळे स्वाध्याय उतरवून वही पूर्ण करणे हेच अभ्यास झाल्याचे प्रमाण. दुसरे मत असे की, गृहपाठ हा मुलांवरचा निव्वळ भार आहे आणि तो बंदच करावा. जुन्या शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले जाई, त्याला पूर्वपक्ष म्हणत, आणि त्याचे खंडन करणारा उत्तरपक्ष त्यानंतरच येई. येथेही तोच क्रम योग्य आहे, कारण ही दोन्ही मते निराधार नाहीत. मात्र दोन्ही पक्ष अभ्यास किती द्यावा एवढाच वाद घालतात, आणि अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या मनात त्या वेळी काय घडते हा मूळ प्रश्न दोघांच्याही हातून सुटतो.

पहिल्या पक्षाचे बळ समजून घेण्यासारखे आहे. जे आईवडील दिवसभर वावरात राबतात आणि ज्यांना सातवीचे विज्ञान किंवा इंग्रजी वाचता येत नाही, त्यांच्या दृष्टीने भरलेली वही हाच मुलाच्या कष्टाचा एकमेव डोळ्यांना दिसणारा पुरावा असतो. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवणाऱ्या शिक्षकालाही वहीवर लाल शेरा मारणे हीच तपासणीची सर्वांत सोयीची रीत वाटते, आणि तिचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. परंतु वही भरली म्हणजे धडा समजला आणि लक्षात राहिला, हे गृहीतकच चुकीचे आहे. प्रश्नाचे उत्तर गाईडमधून किंवा शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवताना डोळा आणि हात काम करतात, स्मरणाला मात्र काहीच करावे लागत नाही. पुस्तक समोर उघडे असते, म्हणून सगळे येते असा भास होतो, आणि हा भासच अभ्यासाचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवले की, शिकलेल्या गोष्टीचे विस्मरण आरंभी फार वेगाने होते आणि नंतर मंदावते, तसेच तीच उजळणी एका बैठकीत उरकण्याऐवजी अनेक दिवसांवर पसरली तर कमी श्रमात अधिक टिकते. या दुसऱ्या तत्त्वाला विखुरलेला सराव म्हणता येईल. त्याच्या जोडीचे तत्त्व प्रत्यावाहनाचे, म्हणजे पुस्तक मिटून मनातली माहिती प्रयत्नपूर्वक बाहेर काढण्याचे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दोन उतारे वाचले. त्यानंतर त्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा किंचित वरचढ ठरला, पण आठवड्यानंतर चित्र उलटले: पुनर्वाचनाने सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर आधी आठवून लिहिल्यामुळे सुमारे ५६ टक्के. पहिल्या पाच मिनिटांचा हा निकाल फार महत्त्वाचा आहे. रात्री धडा तीनदा वाचून झोपलेल्या मुलाला आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईला तो पाठ झाल्याची खात्री का वाटते आणि घटक चाचणीच्या दिवशी तीच खात्री का ढासळते, याचे उत्तर त्यात आहे.

गणिताच्या बाबतीत तर वही पूर्ण करण्याची रीत अधिकच फसवी ठरते. एका उदाहरणसंग्रहातील वीस गणिते सलग सोडवताना कोणती रीत वापरायची हे शीर्षकावरूनच कळते. परीक्षेत मात्र रीत ओळखणे हीच पहिली पायरी असते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची उदाहरणे काही विद्यार्थ्यांना प्रकारवार आणि काहींना सरमिसळ करून सोडवायला दिली. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६० टक्के उत्तरे बरोबर आली, पण आठवड्याने हेच प्रमाण अनुक्रमे २० आणि ६३ टक्के झाले. सरावात ज्याची वही अधिक नीटनेटकी, तो परीक्षेत मागे पडला. म्हणून आजच्या उदाहरणसंग्रहातील सहा गणिते, गेल्या आठवड्यातील तीन आणि गेल्या महिन्यातील एक असा दहा गणितांचा गृहपाठ वीस एकसारख्या गणितांपेक्षा निश्चितपणे श्रेष्ठ आहे, जरी वहीची पाने त्यात निम्मीच भरत असली तरी.

यावर कोणी म्हणेल की हे सारे परदेशी प्रयोगशाळांतले ज्ञान आहे. तसे नाही. वर्‍हाडातल्या शाळांत दिवसअखेर सगळा वर्ग उभा राहून पाढे म्हणत असे, त्या उजळणीत पुस्तक नव्हते, रोजचा नेम होता आणि मागचे पाढे पुन्हा म्हणण्याची सक्ती होती. प्रत्यावाहन आणि विखुरलेला सराव ही दोन्ही तत्त्वे तिच्यात नकळत पाळली जात. पाठांतराला सरसकट घोकंपट्टी ठरवून त्या रीतीची हेटाळणी करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतला नाही. अर्थ न समजता घोकणे निषिद्ध खरेच, परंतु समजलेले न पाहता म्हणता येणे हा समजण्याचाच पुढचा टप्पा आहे.

आता दुसरा पूर्वपक्ष. गृहपाठ बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने भक्कम आधार आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देण्यास मनाई केली. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून दोन तासांपर्यंत, सहावी ते आठवीला रोज एक तासापर्यंत आणि नववीपासून पुढे रोज दोन तासांपर्यंत, अशी मर्यादा सुचवली. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या संशोधनांच्या एकत्रित परीक्षणातही गृहपाठ आणि यश यांचा संबंध सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत ठळक, तर लहान मुलांत क्षीण आढळला. त्यामुळे पहिली-दुसरीपुरता हा पक्ष बिनतक्रार मान्य करावा. त्यापुढे मात्र तो अन्यायाकडे नेतो. शाळेने गृहपाठ थांबवला तरी खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाचा अभ्यास थांबत नाही, आणि त्याच्या मोठ्या भावाला अकोल्याच्या क्लासला पाठवण्याची घराची ऐपत असते. ज्या मुलीला शाळेबाहेर अभ्यासाचा दुसरा कोणताही आधार नाही, तिचाच आधार अशा बंदीने काढून घेतला जातो. मुलांवरचा भार कमी करण्याच्या नावाखाली त्यांच्यातील अंतर वाढवणारे हे धोरण समर्थनीय नाही.

या दोन पक्षांच्या आड एक तिसरे मत असते, ते फारसे लिहिले जात नाही पण बोलले सर्रास जाते: या पोरांच्या घरी वातावरणच नाही, मग सवय लागणार कशी? या विधानातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि पाठोपाठ कापूस वेचणीच्या दिवसांत कित्येक घरांत मोठी माणसे पहाटे वावरात जातात आणि लहान भावंडे सांभाळणे, स्वयंपाक करणे ही कामे शाळकरी मुलींवर येतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूगर्भातले पाणीच खारे आहे, गोडे पाणी भरण्यात वेळ जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी वस्त्यांत घरची बोली वेगळी आणि पाठ्यपुस्तकाची मराठी वेगळी असते. परंतु या वस्तुस्थितीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्यातून सिद्ध होते ते एवढेच की, टेबल, खोली, निवांत दोन तास आणि शिकलेला पालक गृहीत धरून दिलेला गृहपाठ या जिल्ह्याला लागू पडत नाही. जो गृहपाठ वीस मिनिटांत, भांडी घासता घासताही मनात करता येतो आणि ज्यात मोठ्यांनी फक्त ऐकायचे असते, तो लागू पडतो. आज वर्गात काय शिकलो ते न पाहता घरच्या माणसाला सांगणे, या कामाला आईला अक्षरओळख असण्याची गरज नाही. मूल कुठे अडखळले हे तिला ऐकूनही कळते. ज्या घरची बोली मराठी नाही, तिथे हे सांगणे त्या बोलीतच व्हावे, कारण आपल्या बोलीत सांगता येणे हीच आशय समजल्याची खूण आहे.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, ज्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या वडिलांच्या हाताखाली घरीच शिकल्या. अशी शिकलेली घरे तेव्हा विरळ होती आणि त्यांचे उदाहरण प्रत्येक घराला लागू करणे गैर ठरेल, पण घरातल्या वडीलधाऱ्याने दिलेला वेळ किती दूरवर पोहोचतो हे त्यावरून कळते. हा वेळ एकेका घराने स्वतंत्रपणे काढणे जड जात असेल तर गावाने मिळून काढावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवले जातात. या उपक्रमाचे मर्म भोंग्यात नाही, तर मोठी माणसेही तो नेम पाळतात यात आहे. मात्र नुसती शांतता पुरेशी नसते. त्या दीड तासात मूल पुन्हा गाईडच उतरवत बसले तर गावाचा त्याग वाया गेला.

पहाटे चारला उठून केलेलाच अभ्यास खरा, ही समजूतही येथे खोडून काढणे आवश्यक आहे. अमेरिकेतील निद्राशास्त्राच्या अकादमीने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक मानली, आणि दिवसा शिकलेले स्थिर होण्याचे कामही मोठ्या प्रमाणात झोपेत होते. रात्री अकराला झोपलेल्या मुलाला पहाटे उठवणे म्हणजे त्याने केलेला अभ्यास पुसणे होय.

सवयीचा प्रश्न टाळल्याची किंमत या जिल्ह्याने पाहिली आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षेच्या सुमारास सिंदखेडराजा तालुक्यातून समाजमाध्यमांवर फिरली आणि प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. दोषींना शिक्षा झालीच पाहिजे आणि कॉपीमुक्त अभियानाची पथकेही हवीत. परंतु जे मूल तिसरीपासून दुसऱ्याचे उत्तर स्वतःच्या वहीत उतरवत आले आणि त्याबद्दल ‘छान’ असा शेरा मिळवत आले, त्याला बारावीच्या केंद्रावर तेच कृत्य अचानक गुन्हा का ठरते हे कोणी समजावलेले नसते.

साधने बदलून सवय बदलत नाही, हेही अनुभवाला आले आहे. २०२३-२४ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडण्यात आली आणि पुढे तो प्रयोग मागे घेण्यात आला. पान कोरे ठेवणे सोपे होते, त्यावर आठवून लिहायचे की फळ्यावरचे उतरवायचे हे वर्गावर्गात शिकवणे अवघड होते. ते शिकवण्याची जागा केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत आहे, जिथे आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. तासाची पहिली दहा मिनिटे कालच्या, गेल्या आठवड्याच्या आणि गेल्या महिन्याच्या पाठावरील तीन-चार प्रश्नांना द्यावीत, उत्तरे पुस्तक मिटून लिहून घ्यावीत, मुलांनी ती स्वतःच पुस्तकाशी ताडून पाहावीत आणि त्यांना गुण देऊ नयेत, कारण गुण आले की उतरवणे परत येते. वही तपासताना पाने मोजण्याऐवजी मुलाने स्वतः शोधून दुरुस्त केलेल्या चुकांवर खूण करावी. सोंगणी-वेचणीच्या दोन महिन्यांत लेखी गृहपाठ निम्मा करून तोंडी उजळणी वाढवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने जूनमध्येच करून ठेवावा. त्या समितीत पालकांचे बहुमत कायद्यानेच ठरवून दिलेले आहे आणि सोंगणी कोणत्या आठवड्यात सुरू होणार हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.