बंदोबस्ताचा हिशेब द्या!

साच्यावर कापड खराब निघाले की काय होते, हे गिरणीत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको. जॉबर येतो, मास्तर येतो. साचा कुणाचा, पाळी कुणाची, तार केव्हा तुटली, सगळे विचारले जाते. चार्जशीट हातात पडते, पगारातून पैसे कापले जातात. चार वार कापडासाठी एवढी चौकशी! आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर भर दिवसा पंधरा माणसे गोळ्यांनी पडली, तेव्हा बंदूक कुणाची, हुकूम कुणाचा, पहिली गोळी कशापायी सुटली, हे एकाही न्यायाधीशापुढे उघडपणे विचारले गेले नाही. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली आणि त्या आठवड्यात तर गिरणगावाच्या गल्लीबोळांतून गोळ्या फिरल्या. त्याचीही चौकशी नाही. माणसापेक्षा कापड महाग झाले काय, असा आमचा साधा सवाल आहे.

सरकारला बंदोबस्त ठेवावा लागतो, हे आम्हाला कबूल आहे. बंदोबस्ताची गरज सर्वांत जास्त कामगारालाच! शेटजीच्या बंगल्याला गुरखा असतो, कुंपणाच्या भिंतीवर काचा असतात. दुसरी पाळी सुटल्यावर मध्यरात्री पगाराचे पाकीट खिशात घालून चालत घरी येणाऱ्याला रस्त्यावरच्या पोलिसाशिवाय कोण आहे? दंगल झाली की खाडा आमचा पडतो, चूल आमची बंद होते. जानेवारी १९५६ मध्ये जमावाने दगड मारले, दुकाने फोडली, त्याची झळ आपल्या गुजराती शेजाऱ्यांनाही लागली. हे खरे आहे, आणि ते झाकणे आम्हाला शोभणार नाही. ज्याने दगड मारला त्याला धरा, कोर्टात उभा करा. पण दगड मारण्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, आणि ती देहान्त नाही. मग ती रस्त्यावरच, बिनकोर्टाची, कुणी दिली?

हा सवाल एकट्या मुंबईचा नाही. आपल्या गिरण्यांचे साचे जिथून आले त्या मँचेस्टरची गोष्ट ऐका. १६ ऑगस्ट १८१९ रोजी तिथल्या सेंट पीटर मैदानावर साठेक हजार माणसे जमली. विणकर, सूत कातणारे, बायकापोरांसह, ठेवणीतले कपडे घालून आलेले. मागणी काय, तर मताचा हक्क. एवढे मोठे कापडाचे शहर, पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एक प्रतिनिधी नव्हता! मैदानाशेजारच्या घरातून मॅजिस्ट्रेट पाहत होते. त्यांनी वक्त्याला, हेन्री हंटला, धरण्याचा हुकूम सोडला आणि गर्दीत घोडेस्वार घातले. पहिले घोडेस्वार होते हौशी पलटणीचे, गावातल्याच दुकानदार-कारखानदारांच्या गोतातले. पंधराच्या आसपास माणसे मेली, शेकडो जखमी झाली. सरकारने काय केले? मॅजिस्ट्रेटांचे आभार मानले, हंटला तुरुंगात धाडले, आणि वर्ष सरायच्या आत सभांवर बंधने घालणारे कायदे केले. ओळखीचे वाटते ना?

पण तलवारीने राज्य चालत नाही हे त्या देशालाही उमजले. दहा वर्षांनी, १८२९ साली, रॉबर्ट पीलने लंडनात नवी पोलीस उभी केली. सैनिकाचा लाल डगला नको म्हणून निळा दिला. बंदूक नाही, हातात लाकडी दांडका. आणि कॉलरवर नंबर, कुणालाही वाचता येईल असा! आमच्या मते साऱ्या पोलीसखात्याचे मर्म त्या नंबरात आहे. ज्याला नंबर आहे त्याला जाब विचारता येतो.

मात्र ही अक्कल इंग्रजाने आपल्या घरापुरती ठेवली. आयर्लंडात त्याने बंदूकधारी शिपाईच ठेवले, आणि १८५७ च्या उठावानंतर १८६१ साली हिंदुस्थानासाठी पोलीस कायदा केला तो त्याच आयरिश नमुन्यावर. मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते, पण साचा तोच. लोकांना सांभाळणारी पोलीस नव्हे, लोकांपासून सरकारला सांभाळणारी पोलीस! लोकमान्यांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला आणि छातीवर गोळ्या झेलल्या. गिरणगावाला हे असे फार जुने ठाऊक आहे.

मग स्वराज्य आले. लोकांना वाटले, आता बंदुकीचे तोंड फिरेल. १९५५ साली मोर्चा कुठे चालला होता? कौन्सिल हॉलवर, आपणच निवडून दिलेल्या आमदारांकडे! मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. चौकशी आयोग नेमण्याचा कायदा १९५२ सालीच पास झालेला होता. कायदा नव्हता म्हणून चौकशी झाली नाही, असे म्हणायची सोय नाही. सी. डी. देशमुखांनी ती मागितली. देशमुख म्हणजे कुणी चळवळ्या नव्हेत, लाल बावटेवाले तर नव्हेतच. आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्राचे अर्थमंत्री. फायलीत वाढलेला माणूस! त्यालासुद्धा वाटले की एवढी माणसे मेली तर न्यायाधीशाने पाहिले पाहिजे. सरकार ऐकेना. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, त्यात मुंबईचा प्रश्न होता तसा या चौकशीचाही होता.

चौकशी झाली नाही, त्यामुळे हुतात्मे मोजले ते लोकांनीच. कुणी १०५ म्हणतो, कुणी १०६, कुणी १०७. १ मे १९६० ला राज्य मिळाले, चौकात स्मारक उभे राहिले, दरसाल हार पडतात. पण आकड्याचा मेळ अजून नाही. आणि ही नुसती मुंबईची कथा नव्हे. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावातही गोळीबार झाला, तिकडची मराठी माणसे दरवर्षी तो दिवस पाळतात.

"चौकशी केली तर पोलिसांची हिंमत खचेल," असे म्हणणारे नेहमी भेटतात. त्यांनी आयर्लंडच्या डेरी गावाकडे पाहावे. ३० जानेवारी १९७२ रोजी तिथे बिनाखटला डांबून ठेवण्याविरुद्ध मोर्चा निघाला. इंग्रज पलटणीने गोळ्या घातल्या, तेरा जण त्या दिवशी गेले, एक मागाहून. त्याच वर्षी एका बड्या न्यायाधीशाने सैन्याला जवळजवळ निर्दोष ठरवले. पण मेलेल्यांच्या घरच्यांनी पिच्छा सोडला नाही. १९९८ साली नवा आयोग नेमावा लागला. १५ जून २०१० रोजी त्याचा अहवाल आला की मेलेल्यांपैकी कुणापासूनही सैनिकांना धोका नव्हता. आणि लंडनच्या पार्लमेंटात पंतप्रधानाने उभे राहून माफी मागितली. अडतीस वर्षे लागली. त्या माफीने इंग्लंडची पोलीस पळून गेली नाही, की राज्य बुडाले नाही.

आपल्याकडे काय बदलले? जमावबंदीचे ते १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झाले. नंबर तेवढा बदलला! जमाव पांगवण्यासाठी गोळी घालणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते, तेही तसेच आहे. २००६ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणे नेमायला सांगितले, महाराष्ट्राने त्याचा कायदा २०१४ साली केला. बरे झाले. पण गोळीबाराचा आयोग नेमायचा की नाही, हे अजून प्रायः सरकारच्याच मर्जीवर. आणि नेमला तरी अहवाल फेटाळायला ते मोकळे. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलीचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली तेव्हाच्या सरकारने असाच फेटाळला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हवालदार आपला वैरी नाही. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींत कामगार आणि पोलीस एकाच नळावर पाणी भरत आले. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणीसंप चालू असतानाच, मुंबईच्या पोलिसांनीही आपल्या हालांपायी बंड केले. तेव्हा सरकारने सैन्य बोलावले आणि त्यांची संघटना मोडली. हुकूम देणारा वर, वाड्यात बसतो. गोळी झाडणारा आणि गोळी खाणारा, दोघेही चाळीतले. म्हणून आमचा रोख बंदुकीच्या दस्त्यावर नाही, हुकमाच्या सहीवर आहे.

आमची मागणी कापडाच्या चार्जशीटइतकी सोपी आहे. जिथे जिथे जमावावर गोळी सुटेल, तिथे सरकारची मर्जी न विचारता न्यायाधीशाची उघड चौकशी कायद्यानेच सुरू झाली पाहिजे. हुकूम कुणी दिला, किती फैरी झाडल्या, मेला कोण, हे ठरल्या मुदतीत छापून लोकांपुढे आले पाहिजे. १९५५ साली मोर्चा ज्या कौन्सिल हॉलवर चालला होता, त्याच इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात फुले वाहायला याल, तेव्हा तिथून चार पावले पुढे चला, आणि ही मागणी लिहिलेला कागद त्या दारावर देऊन पोच घ्या.