लागला हात

दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्या गोरेगाव तालुक्यात मंडया भरतात आणि त्यांच्या पाठोपाठ कबड्डीचे रात्रीचे सामने सुरू होतात. आषाढात ज्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी झाली, तीच धसकटं काढून, पाणी मारून, चोपून मैदान होते. कडेला तणशीवर अख्खं गाव बसतं. थंडी एवढी की पोरं चढाईला उतरेपर्यंत अंगावरची चादर सोडत नाहीत.

गेल्या पंधरवड्यात अशाच एका सामन्याला आमच्या वॉर्डातल्या मंडळाची पोरं गेली होती. मीही गेलो. दोन्ही बाजूंचे गुण सारखे, शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांचा गडी निदान रेषा ओलांडून आत आला, वळता वळता पाय मागे टाकला आणि परत गेला. पंचांनी गुण दिला नाही. आमच्याकडून आरोळी उठली. तेवढ्यात आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या पोरानं हात वर केला. बारावीतला पोरगा. पोरांना शिकवणाऱ्या भाऊंनी रेषेबाहेरूनच विचारलं, "लागला का गा?"

"लागला, भाऊ. घोट्याले."

एका गुणानं हरलो. परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही, पण त्या पोराला कोणी एक शब्दही टोचून बोललं नाही. हे मला फार मोठं वाटतं. या वयातल्या पोरांना असं गप्प राहणं आपोआप येत नाही. ते त्यांच्यात कोणीतरी रोज पेरलेलं असतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना आपण सगळ्यांनी पाहिला. 28-28 असताना एका चढाईवरून वाद झाला, कोण बाद आणि किती बाद यावर खेळ जवळपास तासभर थांबला. शेवटी आपण 33-29 जिंकलो. तिथे कॅमेरे होते, तरी निर्णय सुटत नव्हता. आमच्या बांधीत एका खांबावर दोन दिवे असतात. नखभर स्पर्श झाला की नाही, हे तिथे दोघांनाच ठाऊक असतं. म्हणून भाऊंच्या मंडळात पहिल्या दिवशी पकड शिकवत नाहीत. बाद झालं की हात वर करून बाहेर जाऊन बसायला शिकवतात. बाहेर बसणं हाही खेळच आहे, असं ते सांगतात. आणि नियमही तसाच सुंदर आहे: जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. रांग मोडून कोणाला आत येता येत नाही, तो सरपंचाचा पोरगा असला तरी.

या मंडळाला पाटी नाही, कार्यालय नाही. एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात दोन रंगांच्या जर्सी, शिटी आणि क्रेप बँडेज. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली उभं राहिलं आणि तिथले खेळाडू 1936 मध्ये बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आले. भाऊ हे दरवर्षी नव्या पोरांना सांगतात. आपल्या विदर्भातल्या मातीतून तिथवर माणसं गेली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

पहाटे साडेपाचला सराव. निम्मी पोरं पोलीस भरतीवाली, त्यांचे आधी 1600 मीटर. मुली 800 धावतात. दोन वर्षांपासून त्याही कबड्डीच्या मैदानात उतरल्या आहेत, तेरा बाय दहाच्या मैदानात बारा बाय आठची रेषा वेगळी आखून. मग साखळी. एकाचं मनगट दुसऱ्याच्या पंज्यात, घट्ट. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नसतं, ती ही पोरं. पकड सुटली तर दोघंही जातात, म्हणून कोणी सोडत नाही. मी हे रोज बघतो आणि रोज मला भरून येतं.

मैदान मात्र त्यांचं नाही. कधी लग्नाचा मांडव, कधी सभा. मांडव निघतो आणि खिळे मातीतच राहतात. पोरं खेळतात अनवाणी. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीच्या टाचेत खिळा गेला, महिनाभर घरी बसली. ज्यांचा मांडव होता त्यांना दोन माणसं लावून एवढं वेचून घेता आलं नसतं का? मैदान भाड्यानं देणाऱ्यांनी तेवढी एक अट घालावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिथून मांडव निघाला होता. धुक्यात अठरा-वीस पोरं-पोरी खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहिली आणि वाकून पाऊल पाऊल पुढे सरकू लागली. कर्णधारही रांगेत, भाऊही. कालचा पोरगा रंगाच्या रिकाम्या डब्यात खिळे गोळा करत होता. मधेच थांबून त्यानं ओल्या मातीत बोट घातलं, एक लांब खिळा उपसला, शर्टाला पुसून पाहिला आणि डब्यात टाकला.

"आणखी आहे का गा तिकडे?" भाऊंनी विचारलं.

"आहेत, भाऊ," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.